कोर्ट फीची माफी आणि खोडसाळ दावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे दोन तऱ्हेची पत्रे सातत्याने येतात. पहिल्या तऱ्हेच्या पत्रांत हक्क खरा असतो, पण तो मागण्यासाठी भरायच्या फीची रक्कम घरात नसते. दुसऱ्या तऱ्हेची पत्रे अशा लोकांची असतात की ज्यांच्यावर कोणीतरी निराधार दावा लादलेला आहे आणि ज्यांची वर्षे तारखांच्या फेऱ्यांत चालली आहेत. दोन्ही गटांच्या मनात एकच गोंधळ दिसतो. गरिबाला वाटते, फी माफ झाली म्हणजे दावाही अर्धा जिंकला; समोरच्याला वाटते, फी न भरता आलेला दावा खोटाच असणार. कायदा मात्र दावेकऱ्याची ऐपत आणि दाव्यातले तथ्य हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे तपासतो. पुढील उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील दिवाणी दाव्यांविषयी आहेत.

१. कोर्ट फी म्हणजे काय? ती प्रत्येक दाव्याला सारखीच असते का?

दावा, अपील किंवा अर्ज दाखल करताना राज्य सरकारला द्यावयाचे शुल्क म्हणजे कोर्ट फी. वकिलाच्या मानधनाशी तिचा संबंध नाही. महाराष्ट्रात ती १९५९ च्या महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियमानुसार ठरते. काही प्रकारच्या अर्जांना ठरावीक फी असते, तर पैसे, नुकसानभरपाई किंवा मालमत्ता मागणाऱ्या दाव्यांत मागणीचे मूल्य वाढेल तशी फी वाढत जाते. या मूल्यानुसार लागणाऱ्या फीची कमाल मर्यादा पूर्वी ३ लाख रुपये होती. १६ जानेवारी २०१८ पासून ती १० लाख रुपये झाली. त्यामुळे फी परवडत नसल्याची तक्रार आता केवळ अत्यंत गरिबांची राहिलेली नाही. अपघातात हातपाय गमावलेल्या, पण बऱ्यापैकी नोकरी करत असलेल्या माणसालाही मोठ्या भरपाईच्या दाव्याची फी जड जाऊ शकते.

कोर्ट फी हा राज्याचा विषय असल्याने बेळगावच्या वाचकांना कर्नाटकाचा १९५८ चा कायदा लागू होतो. निर्धन व्यक्तीच्या दाव्याची तरतूद मात्र दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये आहे आणि ती गोव्यासह इतर राज्यांतही लागू असते.

२. पैसे नसतील तर फी माफ होते का? कोणी 'आदेश ३३' सांगतो, कोणी 'विधी सेवा', कोणी 'महिलांची माफी'. हे सगळे एकच आहे का?

हे तीन वेगवेगळे मार्ग आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्यानेच बहुतेकांचा वेळ वाया जातो. पहिला मार्ग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ चा (येथे 'आदेश' म्हणजे संहितेतील नियमांचा एक गट). यात न्यायालय अर्जदाराला निर्धन व्यक्ती म्हणून दावा चालवण्याची परवानगी देते. कोर्टाच्या आवारात आजही त्याला 'पॉपर अर्ज' म्हणतात. या मार्गाने फी कायमची माफ होत नाही, ती पुढे ढकलली जाते (प्रश्न ६ पाहा). दुसरा मार्ग राज्य सरकारच्या अधिसूचनेचा. न्यायालय फी अधिनियमाच्या कलम ४६ खाली सरकार विशिष्ट गटांची किंवा विशिष्ट प्रकरणांची फी माफ करू शकते, आणि ही खरी माफी असते (प्रश्न ८ पाहा). तिसरा मार्ग विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चा; यात पात्र व्यक्तीला वकील दिला जातो आणि न्यायालयीन खर्चाचा भार प्राधिकरण उचलते (प्रश्न ९ पाहा).

एकाच व्यक्तीला एकापेक्षा अधिक मार्ग मोकळे असू शकतात. अशा वेळी आधी अधिसूचना पाहावी, मग तालुका विधी सेवा समितीकडे जावे आणि आदेश ३३ चा अर्ज शेवटी विचारात घ्यावा असे आमचे मत आहे, कारण आदेश ३३ मधील चौकशीलाच पुष्कळ वेळ जातो आणि तिथे मिळालेल्या सवलतीची परतफेड करण्याची वेळ येऊ शकते.

३. माझ्या नावावर थोडी जमीन आणि राहते घर आहे. मी 'निर्धन व्यक्ती' ठरू शकतो का?

ठरू शकता. आदेश ३३, नियम १ मधील कसोटी 'अर्जदाराकडे काहीच नाही' अशी नसून 'या दाव्याची ठरलेली फी भरण्याइतके पुरेसे साधन नाही' अशी आहे. हे साधन मोजताना दोन गोष्टी वगळाव्या लागतात. ज्या मालमत्तेबद्दल दावा आहे ती मालमत्ता धरायची नाही. म्हणजे भावाने बळकावलेली जमीन परत मागत असाल तर तीच जमीन तुमची श्रीमंती म्हणून दाखवता येणार नाही. तसेच हुकूमनाम्याच्या (न्यायालयाच्या औपचारिक निकालाच्या) वसुलीत जी जप्त करता येत नाही ती मालमत्ताही धरायची नाही. संहितेच्या कलम ६० मध्ये तिची यादी आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि शेतकऱ्याचे राहते घर. दाव्याशी संबंध नसलेली शेतजमीन मात्र सरसकट वगळली जात नाही. ती विकून किंवा गहाण ठेवून फी उभी करणे प्रत्यक्षात शक्य आहे का, तिच्यावर आधीच बोजा आहे का, हे न्यायालय पाहते.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे की, सर्वसाधारण परिस्थितीत कायदेशीर मार्गाने फीपुरते पैसे उभे करण्याची क्षमता म्हणजे पुरेसे साधन. त्यासाठी नोकरी, निवृत्तिवेतनासह एकूण उत्पन्न, बोजा नसलेली विक्रीयोग्य मालमत्ता, डोक्यावरचे कर्ज आणि कुटुंबीय किंवा जवळच्या मित्रांकडून मिळणारी मदत या गोष्टी विचारात घेता येतात. म्हणूनच केवळ तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून काम भागत नाही.

एक गैरसमज येथेच दूर करणे आवश्यक आहे. नियमात एक हजार रुपयांच्या मालमत्तेचा उल्लेख आहे आणि तो वाचून अनेक जण अर्ज करण्याचा विचारच सोडून देतात. ती मर्यादा फक्त अशा दाव्यांपुरती आहे ज्यांना कायद्याने कोणतीच फी ठरवलेली नाही. फी ठरलेली असेल तेथे आकड्याची मर्यादा नसते. फीच्या तुलनेत तुमचे साधन किती, एवढेच पाहिले जाते.

४. अर्जात काय लिहावे लागते? तो वकिलामार्फत पाठवला तर चालतो का?

वादपत्रात (दावा मांडणाऱ्या वादीच्या लेखी कागदात) जे असते ते सर्व अर्जातही असावे लागते: पक्षकार, घटनाक्रम, दाव्याचे कारण, मागणी. त्याशिवाय अर्जदाराच्या सर्व स्थावर-जंगम मालमत्तेची अंदाजे किमतीसह यादी जोडून त्यावर सही आणि सत्यापन करावे लागते. अर्ज अर्जदाराने स्वतः न्यायालयात हजर राहून द्यायचा असतो. ज्यांना हजेरीतून सूट आहे त्यांच्या वतीने माहीतगार अधिकृत प्रतिनिधी तो देऊ शकतो, आणि वादी अनेक असतील तर त्यांपैकी एकाने दिला तरी पुरते.

मालमत्तेच्या यादीत काहीही लपवू नये. बँकेतील ठेव, सामाईक सात-बारावरील नाव, दुचाकी, विमा, सोने, जे असेल ते लिहावे आणि ते फीसाठी का वापरता येत नाही हेही तेथेच लिहावे. लहानशी ठेव नमूद केल्यामुळे अर्ज सहसा बुडत नाही. तीच ठेव समोरच्या वकिलाने उलटतपासणीत बाहेर काढली तर मात्र अर्जदाराच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास उडतो. प्रतिज्ञेवर जाणूनबुजून खोटे सांगितल्यास फौजदारी कारवाईही होऊ शकते.

५. अर्ज दिल्यावर चौकशी कशी होते? फीचा प्रश्न माझा आणि सरकारचा असताना प्रतिवादीला त्यात बोलण्याचा अधिकार कसा?

न्यायाधीशांनी वेगळा आदेश दिला नसेल तर निर्धनतेची प्राथमिक चौकशी न्यायालयाचा प्रमुख लिपिकवर्गीय अधिकारी करतो. न्यायालय अर्जदाराला दाव्याच्या गुणावगुणांबद्दल आणि मालमत्तेबद्दल प्रश्न विचारू शकते. अर्ज प्रथमदर्शनी फेटाळण्यासारखा नसेल तर प्रतिवादी आणि सरकारी वकील या दोघांना किमान दहा दिवसांची नोटीस देऊन पुराव्याची तारीख ठेवली जाते.

सरकारला नोटीस जाते कारण महसूल सरकारचा आहे. प्रतिवादीला ती जाते कारण अर्जदाराच्या मिळकतीची माहिती बहुधा त्यालाच असते, आणि त्याच्यावर दावा चालणार की नाही हेही यावर अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये प्रतिवादीचा हा अधिकार मान्य केला असून, अर्जदाराकडून कागदपत्रे उघड करून मागण्याची तरतूदही या चौकशीत लागू होते असे सांगितले आहे. मात्र या चौकशीचा वापर मूळ दावाच लढवून टाकण्यासाठी करता येत नाही. अर्जदाराचे म्हणणे खरे मानले तर दाव्याचे कारण उरते का, इतकेच तेथे पाहायचे असते. ते खरे आहे का, हे पुढे पुराव्यावर ठरते.

६. परवानगी मिळाली. आता फी कधीच भरावी लागणार नाही ना?

परवानगी मिळाल्यावर तुमच्या अर्जालाच वादपत्र समजून नोंदणी क्रमांक मिळतो आणि दावा फीशिवाय चालतो. वकील नसेल तर परिस्थिती पाहून न्यायालय तो नेमून देऊ शकते. निकालाच्या वेळी मात्र फीचा हिशेब पुन्हा मांडला जातो.

दावा जिंकलात तर एरवी भरावी लागली असती ती फी न्यायालय मोजते आणि हुकूमनाम्यात ज्या पक्षाला ती देण्यास सांगितले असेल त्याच्याकडून राज्य सरकार ती वसूल करते. तिचा पहिला बोजा दाव्याच्या विषयवस्तूवर असतो. म्हणजे मिळालेल्या भरपाईतून किंवा जमिनीवरून सरकारचे येणे आधी फिटते. दावा हरलात, परवानगी काढून घेतली गेली, दावा मागे घेतलात किंवा तुमच्या गैरहजेरीमुळे तो निकाली निघाला, तर फी भरण्याचा आदेश तुम्हालाच होतो. अशा हुकूमनाम्याची किंवा आदेशाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. शिवाय सवलत फक्त कोर्ट फीपुरती आहे. हरल्यावर प्रतिवादीचा खर्च देण्याचा आदेश होण्यापासून ती संरक्षण देत नाही.

हे उत्तर वाचून अनेक जण खचतात, आणि ते समजण्यासारखे आहे. तरीही ज्याचा हक्क खरा आहे त्याने या भीतीने मागे राहू नये. आज फी नाही म्हणून दावाच न करणे आणि मुदत संपून हक्क कायमचा गमावणे, हे पुढे निघू शकणाऱ्या वसुलीपेक्षा फार मोठे नुकसान आहे.

७. अर्ज कोणत्या कारणांनी नामंजूर होतो? तोपर्यंत दाव्याची मुदत संपली तर?

आदेश ३३, नियम ५ मध्ये कारणे दिली आहेत. अर्ज नियमानुसार लिहिलेला किंवा सादर केलेला नसणे, अर्जदार निर्धन नसणे, अर्जातील मजकुरातून दाव्याचे कारणच न दिसणे, दावा एखाद्या कायद्याने बाधित (म्हणजे कायद्यानेच चालवण्यास मनाई असलेला) असणे, दाव्याच्या विषयवस्तूत दुसऱ्याला हितसंबंध देणारा करार झालेला असणे आणि दाव्यासाठी पैसे पुरवण्याचे दुसऱ्या कोणी मान्य केलेले असणे, ही ती कारणे होत. आणखी एक म्हणजे अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत कपटाने, किंवा निर्धन दिसता यावे म्हणून, मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे. येथे एक अपवाद लक्षात ठेवावा: ती मालमत्ता हिशेबात धरूनही तुम्ही निर्धनच ठरत असाल, तर या कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही.

मुदतीच्या बाबतीत कायदा उदार आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ३ नुसार असा दावा अर्ज केल्याच्या तारखेलाच दाखल झाला असे मानले जाते. अर्ज नामंजूर झाला तरी आदेश ३३, नियम १५-अ खाली न्यायालय फी भरण्यासाठी वेळ देऊ शकते, आणि त्या वेळेत फी आणि आदेशित खर्च भरला तर दावा मूळ अर्जाच्या तारखेचाच धरला जातो. म्हणून नामंजुरीची शक्यता दिसू लागताच वेळ मागणारी विनंती नोंदीवर आणावी. निकालानंतर ती आठवली तर फार उशीर झालेला असू शकतो. नामंजुरीच्या आदेशावर अपील करता येते, पण त्याच हक्कासाठी निर्धन म्हणून दुसरा अर्ज करता येत नाही.

८. महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी पूर्ण माफ आहे, हे खरे आहे का?

सर्व दाव्यांत नाही. राज्य सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या चार विषयांत महिला पक्षकारांची फी माफ केली. त्यातील मालमत्तेचे कलम २००० मध्ये संकुचित करण्यात आले आणि वैवाहिक संबंधांतून उद्भवलेल्या मालमत्तेच्या वादांपुरतेच ते उरले. त्यामुळे पतीकडून स्त्रीधन किंवा सामाईक घरातील वाटा मागणारी स्त्री या माफीचा आधार घेऊ शकते. वडिलांच्या मिळकतीत भावाविरुद्ध वाटपाचा दावा करणारी मुलगी तिच्यावर विसंबली तर तिचे वादपत्र अपुऱ्या फीच्या आक्षेपात अडकण्याची शक्यता फार मोठी आहे. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत हा घोटाळा सर्वांत जास्त आढळतो, आणि त्याची किंमत बहिणींना मोजावी लागते याचे वाईट वाटते. अशा स्त्रीसाठी पुढील प्रश्नातील मार्ग खुला आहे.

या माफीला उत्पन्नाची अट नाही. अर्जात अधिसूचनेचा स्पष्ट उल्लेख करून आपला वाद कोणत्या विषयात बसतो हे लिहावे.

९. विधी सेवा प्राधिकरणाची मदत कोणाला मिळते? उत्पन्नाची अट सर्वांना आहे का?

नाही, आणि ही गोष्ट पुरेशी लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. १९८७ च्या अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, मानवी व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी, मोठ्या आपत्तीत किंवा जातीय हिंसाचारात सापडलेले लोक, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती या सर्वांना उत्पन्न न पाहता मदत मिळू शकते. या गटांत न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वार्षिक ३ लाख रुपये आणि सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी ५ लाख रुपये आहे. उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, त्यावर अविश्वास ठेवण्यास कारण नसेल तर.

अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. कलम १३ ची एक अट मात्र आहे: दावा करण्यास किंवा बचाव करण्यास प्रथमदर्शनी आधार आहे याबद्दल प्राधिकरणाचे समाधान व्हावे लागते. म्हणजे निराधार दाव्यांची पहिली चाळणी येथेच लागते.

१०. कंपनी, ट्रस्ट किंवा दुसऱ्याच्या वतीने दावा करणारी व्यक्ती निर्धन म्हणून अर्ज करू शकते का?

करू शकते. युनियन बँक ऑफ इंडिया विरुद्ध खादेर इंटरनॅशनल कन्स्ट्रक्शन या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'व्यक्ती'मध्ये कंपनीचाही समावेश होतो असे ठरवले. प्रतिनिधी म्हणून दावा करणाऱ्याचे साधन मोजताना त्याची वैयक्तिक मिळकत धरायची नसते, तर त्या नात्याने त्याच्या हाती काय आहे हे पाहायचे असते. आदेश ३३, नियम १ च्या स्पष्टीकरणात तसे नमूद आहे.

११. मी प्रतिवादी आहे आणि माझ्याकडेही पैसे नाहीत. मला काही सवलत आहे का?

केवळ कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) देऊन बचाव करताना मूल्यानुसार फीचा प्रश्न सहसा येत नाही. तुम्हाला प्रतिदावा करायचा किंवा वजावट मागायची असेल तर आदेश ३३, नियम १७ नुसार वादीसारखीच परवानगी मागता येते. वकिलासाठी प्रश्न ९ पाहावा; विधी सेवा बचावासाठीही मिळते.

१२. अपिलाच्या वेळी सगळे पुन्हा सिद्ध करावे लागते का?

मूळ दाव्यात निर्धन म्हणून परवानगी मिळालेली असेल, तर त्यानंतर परिस्थिती बदललेली नाही असे प्रतिज्ञापत्र आदेश ४४ नुसार पुरते; समोरच्याने ते नाकारले तरच चौकशी होते. मुदतीत मात्र एक सापळा आहे. उच्च न्यायालयात साध्या अपिलाला ९० दिवस मिळतात, पण निर्धन म्हणून अपिलाची परवानगी मागणारा अर्ज ६० दिवसांत करावा लागतो. इतर न्यायालयांत दोन्हींना ३० दिवस आहेत.

१३. माझ्यावर उघडउघड खोटा दावा झाला आहे. न्यायालय तो पहिल्याच तारखेला का फेकून देत नाही?

कारण 'खोटा' आणि 'सुरुवातीलाच नाकारण्याजोगा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र नाकारता येते ते ठरावीक कारणांनीच: दाव्याचे कारण दिसत नसेल, मूल्यांकन किंवा फी कमी असून संधी देऊनही पुरी केली नसेल, दावा कायद्याने बाधित असल्याचे वादपत्रातूनच दिसत असेल, किंवा प्रतींसारख्या काही औपचारिकता पाळल्या नसतील. या टप्प्यावर न्यायालय केवळ वादपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रे वाचते. तुमची कैफियत आणि तुमचे पुरावे कितीही भक्कम असले तरी ते तेव्हा पाहिले जात नाहीत. म्हणून 'मी पैसे परत केले आहेत, ही पावती' हा उत्तम बचाव असला तरी वादपत्र नाकारण्याचे कारण होत नाही.

याचा अर्थ हा अधिकार कमकुवत आहे असा नाही. १९७७ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, चतुर लेखणीने दाव्याच्या कारणाचा केवळ आभास निर्माण केला असेल तर न्यायाधीशाने वादपत्र अर्थपूर्णपणे वाचून तो दावा आरंभीच संपवावा. २०२० मध्येही न्यायालयाने हीच भूमिका मांडली. पण पूर्वीच्या निकालामुळे वाद पुन्हा काढता येत नाही, असा बचाव असेल आणि त्यासाठी जुन्या दाव्यातील कैफियती व मुद्दे तपासावे लागणार असतील, तर तो नियम ११ खाली ठरवता येत नाही, असे २०२१ चा निकाल सांगतो.

कमकुवत दावा आणि खोडसाळ दावा यांतील फरकही जपायला हवा असे आम्हाला मनापासून वाटते. पुरावा थोडा आहे किंवा साक्षीदार एकच आहे, म्हणून कोणी खोडसाळ ठरत नाही.

१४. आदेश ७, नियम ११ चा अर्ज दिला की कैफियत देण्याची गरज नाही ना?

अर्ज कैफियतीआधी देता येतो आणि तो दिल्यावर न्यायालयाने आधी त्याचा निर्णय करणे अपेक्षित आहे. परंतु समन्स मिळाल्यापासून ३० दिवस आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ९० दिवस, ही कैफियतीची मुदत उलटल्यावर ती परत मिळवण्याची युक्ती म्हणून हा अर्ज वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. सुज्ञ मार्ग म्हणजे दोन्ही मुदतीत देणे.

१५. दाव्यातील एकच मागणी निराधार आहे. तेवढाच भाग काढून टाकता येतो का?

नियम ११ खाली वादपत्र नाकारायचे तर संपूर्णच नाकारावे लागते; त्याचा तुकडा नाकारता येत नाही. मात्र आदेश ६, नियम १६ खाली अनावश्यक, बदनामीकारक, क्षुल्लक किंवा त्रासदायक मजकूर वगळण्याचा आदेश मागता येतो. वादपत्र नाकारणे हा हुकूमनामा मानला जातो, म्हणून त्यावर अपील होते. त्याचबरोबर वादीला त्रुटी दूर करून, मुदत शिल्लक असल्यास, नवे वादपत्र दाखल करण्यासही मोकळीक असते.

१६. खोटा दावा करणाऱ्याकडून मला भरपाई मिळेल का?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली, दावा किंवा बचाव खोटा अथवा त्रासदायक असून ते तो मांडणाऱ्याला माहीत होते असे दिसल्यास न्यायालय कारणे नोंदवून भरपाईदाखल खर्च देऊ शकते. त्यासाठी तुम्ही तसा आक्षेप घेतलेला असला पाहिजे, म्हणून तो कैफियतीतच स्पष्ट लिहावा. ही तरतूद वादीइतकीच खोटा बचाव करणाऱ्या प्रतिवादीलाही लागू आहे. देणे नाकारून वर्षानुवर्षे वेळ काढणाऱ्यांविरुद्ध ती फारच कमी वापरली जाते.

खेदाची बाब अशी की, या रकमेची कमाल मर्यादा अजूनही ३,००० रुपये आहे. ती अपुरी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच म्हटले आहे. व्यापारी न्यायालयांतील दाव्यांत ही मर्यादा नाही. इतर दाव्यांत कलम ३५ खालील नेहमीचा खर्च वास्तव हिशेबाने मागावा: प्रवास, वकील, कागदपत्रे, बुडालेले दिवस. फसवण्याच्या हेतूने न्यायालयात खोटी मागणी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४६ खाली गुन्हाही आहे, पण त्याची कारवाई न्यायालयाच्या तक्रारीवरून होते, परस्पर पोलीस ठाण्यात जाऊन नाही.

१७. एकच माणूस आमच्या कुटुंबावर सतत नवे दावे आणि तक्रारी करत आहे. त्याला कायमचे थांबवता येईल का?

महाराष्ट्रात यासाठी १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे. एखादी व्यक्ती सवयीने आणि वाजवी कारणाशिवाय त्रासदायक प्रकरणे दाखल करते असे दिसल्यास, महाधिवक्त्यांच्या (राज्य सरकारच्या प्रमुख वकिलांच्या) अर्जावरून उच्च न्यायालय तिला म्हणणे मांडण्याची संधी देऊन आदेश देऊ शकते. त्यानंतर मुंबईत उच्च न्यायालयाच्या आणि इतरत्र जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय ती व्यक्ती नवे प्रकरण दाखल करू शकत नाही. अर्ज तुम्हाला थेट करता येत नाही. सर्व प्रकरणांची तारखांनिशी यादी आणि निकालांच्या प्रती जोडून महाधिवक्त्यांकडे निवेदन द्यावे लागते. दोन-तीन हरलेले दावे एवढ्यावर असा आदेश मिळत नाही, आणि तो सहज मिळू नये हेच योग्य, कारण न्यायालयाचे दार बंद करणे ही गंभीर गोष्ट आहे.

१८. आमच्यावरचा दावा निर्धन म्हणून मिळालेल्या परवानगीवर चालू आहे आणि वादी मुद्दाम छळ करत आहे. आता काहीच करता येत नाही का?

करता येते. आदेश ३३, नियम ९ नुसार वादीचे वर्तन त्रासदायक किंवा अनुचित असेल, त्याची ऐपत आता इतकी असेल की परवानगी चालू ठेवणे योग्य नाही, किंवा त्याने दाव्याच्या विषयवस्तूत इतरांना हितसंबंध देणारा करार केला असेल, तर सात दिवसांची लेखी नोटीस देऊन परवानगी रद्द करण्याची मागणी प्रतिवादी किंवा सरकारी वकील करू शकतात. परवानगी मिळाली म्हणून आदेश ७, नियम ११ चा मार्गही बंद होत नाही. परवानगीच्या वेळी दाव्याचे कारण वरवर पाहिलेले असते. पुढे वादपत्र कायद्याने बाधित असल्याचे त्यातूनच दिसले तर ते नाकारता येते.

१९. मी परदेशात राहतो आणि गावच्या जमिनीसाठी दावा करायचा आहे. कोर्ट फी भरली तरी आणखी रक्कम मागतील का?

मागू शकतात. सर्व वादी भारताबाहेर राहत असतील आणि दाव्यातील मालमत्ता सोडून भारतात त्यांची पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर आदेश २५ नुसार प्रतिवादीच्या खर्चापोटी तारण द्यावे लागते आणि दिलेल्या वेळेत ते न दिल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. भारतात राहणारा एखादा सहहिस्सेदार खरोखरच वादी असेल तर ही सक्ती लागू होत नाही.

२०. दावा आपसांत मिटला तर भरलेली फी परत मिळते का?

लोकअदालतीत तडजोड झाली तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ नुसार भरलेली कोर्ट फी परत मिळते. निवाड्याची प्रत मिळताच परताव्याचा अर्ज त्याच न्यायालयात द्यावा. निर्धन म्हणून चाललेल्या दाव्यात भरलेले काहीच नसते, त्यामुळे परताव्याचा प्रश्न येत नाही. तेथे तडजोडीच्या अटींतच सरकारला द्यावयाच्या फीचा भार कोणावर राहील हे लिहून घ्यावे, नाहीतर वसुलीची नोटीस आल्यावर मिटलेले भांडण पुन्हा सुरू होते. आणि निर्धन वादी दावा चालू असताना मरण पावून दावा संपुष्टात आला, तर आदेश ३३, नियम ११-अ नुसार ती फी त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीतून वसूल केली जाते.